ओसाकाची बँक आणि तुळस

देशपांडेचं आणि माझं एकदाच बिनसलं, तेही एका बँकेवरून. टोकियोतल्या निशी-कसाईत आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. २०११च्या भूकंपानंतर आम्ही दोघांनीही मृत्युपत्रं केली. मुलीच्या पैशांचा विश्वस्त म्हणून मी डोळे झाकून देशपांडेचं नाव घातलं. मग सहज विचारलं, "तुझा विश्वस्त मीच ना?"

"नाही रे. ओसाकाची एक ट्रस्ट बँक नेमलीय."

"घराची किल्ली माझ्याकडे आणि पोराचे पैसे ओसाकाकडे?"

"बिल्डिंग पडली तर आपण दोघंही जाणार. ओसाका लांब आहे. आणि किल्ली तुळशीला पाणी घालायला दिलीय."

हे मला फार लागलं. मे महिन्यात देशपांडे मंडळी पुण्याला गेली, तेव्हा मी सरळ ओसाकाला फोन लावला. "देशपांडे-सानचे विश्वस्त तुम्ही ना? मग त्यांच्या तुळशीला पाणी कोण घालणार?"

पलीकडचा माणूस आधी बराच वेळ माझी माफीच मागत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टोकियो शाखेतली एक बाई झारी घेऊन दारात हजर. किल्ली माझ्याकडे, म्हणून दार मलाच उघडावं लागलं. महिनाभर ती एक दिवसाआड यायची आणि वाकून नमस्कार करायची, मला आणि तुळशीलाही.

देशपांडे परत आला आणि म्हणाला, "काय बहरलीय रे तुळस. उगाच नाही तुझ्याकडे किल्ली ठेवत."

मी नुसतं "हं" म्हटलं. ओसाकाचं नाव त्याच्यासमोर मी अजून काढलेलं नाही.