उडणाऱ्या हिरोचं गाऱ्हाणं

माझी पुतणी शलाका पुण्यात व्हिडिओ गेम बनवते. ती गणपतीला घरी आली ती तोंड पाडूनच. तिच्या गेममधला उडणारा हिरो राक्षस मारला की एक विनोद करतो. विनोद सगळे हिने लिहिलेले. तिचा साहेब म्हणाला, कोणी हसत नाही, काढून टाक.

"काका, तुम्ही खेळून बघा. हसू येता काय सांगा."

मी चौथी नापास. माझा हिरो दर मिनिटाला मरत होता, राक्षस मरणार कधी आणि विनोद ऐकणार कधी?

"गो शलाका, जिंकलेल्याच्या विनोदाक कोण हसता? लोक पडलेल्याक हसतत. माझो हिरो पडलो काय तुझो गेम गप्प कित्याक?"

"मग तो पडल्यार गेम काय बोलात?"

आमच्याकडे कोकणात अडलं-नडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. मी तिथेच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो बावळट पाठीक टॉवेल बांधून उडता, पण राक्षस समोर इलो काय तोंडार पडता. ह्येका वायच अक्कल दी रे म्हाराजा."

स्वयंपाकघरातून मोदक वळणाऱ्या बायका सवयीने एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

शलाकाने ते सगळं रेकॉर्ड करून गेममध्ये घातलं. हिरो मेला की आता तेच वाजतं.

परवा तिचा फोन आला.

"काका, माझे विनोद गेमात रवले. पण साहेब तुमच्यार रागावलो आसा."

"कित्याक गो?"

"हापिसात जिंकूक कोण तयारच नाय. सगळे मुद्दाम मरतत."