चौथा नियम आणि मच्छिंद्रकाकांचा दोर

…नाही, मला एक सांगा, नियम करणं हा गुन्हा आहे का? चांगलं वागा, एवढंच कागदावर लिहिलं तर माणसाचं असं वाटोळं व्हावं? तुम्ही हसताय. हसा! पण जरा जपून हसा, कारण आमच्या गावात हसण्यावरही नियम आहे, नियम चौथा, आणि तो मीच लिहिलाय!

त्याचं काय आहे, मी शिकायला स्वीडनला होतो. तिथे एका गटात शिरलो, म्हणजे कसा गट, तर पंधरा देशांतली माणसं, एकमेकांचं तोंड न पाहिलेली, आणि इंटरनेटवरून मिळून यंत्रं बनवतात! भांडणं? होतात की! पण त्यांच्याकडे कागद असतो. कसं वागायचं त्याचा कागद, यंत्र कसं जोडायचं त्याचा कागद, आणि तो असा लिहिलेला की जगात कुणीही उचलावा, रिकाम्या जागेत आपलं नाव घालावं आणि कामाला लागावं. तुम्हाला सांगतो, मला तिथे बर्फात उभ्या उभ्या आमचं गाव आठवलं! आमच्याकडे काय, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कुठे पुरलाय ते एकट्या पाणी सोडणाऱ्या अजिनाथला माहीत, आणि अजिनाथ श्रीरामपूरला लेकीकडे गेला की अख्खं गाव कुदळी घेऊन व्हॉल्व्ह शोधतंय! तिथेच ठरवलं. परत जायचं आणि सगळं लिहून ठेवायचं. लिहिलेलं राहतं!

आलो. गट केला. काम काय घेतलं, तर गावविहिरीच्या काठावर एक डबी बसवायची, तिनं खाली पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि मोबाईलवर दाखवायचं. पाणी मोजून पीक ठरवणाऱ्या हिवरे बाजारचं उदाहरण ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते, पण आपलं पाणी आपण मोजून बघितलंय कुणी? दसऱ्यानंतर ग्रामसभेत ठरतं, यंदा कांदा की हरभरा. कांद्याला पाणी जास्त. ठरवताना चुकलं की माघात साऱ्या गावाचा कांदा उभ्यानं वाळतो… हे चेष्टेचं काम नाही हो.

म्हणून मी अकरा पानं लिहिली. अर्धी वागण्याची, अर्धी यंत्राची. नियम चौथा: कुणाच्या ज्ञानाची थट्टा करू नये, केल्यास, ज्याची थट्टा केली त्याच्याकडून ते काम शिकावे व कागदात लिहावे. शेवटचा नियम: ग्रामसभेशिवाय कुणी अक्षर बदलू नये, आणि दुसऱ्या गावानं घेतला तर जसाच्या तसा घ्यावा. काय लिहिलंय! माझंच मला भरून आलं.

पण आमच्याकडे पहिल्या अक्षरापासून वाचल्याशिवाय ठराव नाही. सरपंच गोरक्षनाथ आप्पा उभे राहिले, चष्मा पुसला आणि सुरू… "आम्ही टिंब टिंब टिंब, कंसात येथे गावाचे नाव लिहावे, येथील रहिवासी…" मागून आवाज, "आप्पा, गावाचं नाव इसरला व्हय?" अकरा पानं हो! टिंबांसकट!

ठराव झाला. टाळ्या झाल्या. मी मोबाईल वर धरला, "बत्तीस फूट!" पुन्हा टाळ्या. आणि मच्छिंद्रकाका उठले. विहिरींचा गाळ काढण्यात ज्यांचा जन्म गेला ते मच्छिंद्रकाका. खांद्यावर घायपाताचा जुना दोर, त्याला गाठी आणि चिंध्या. म्हणाले, "सकाळी दोर सोडून बघितला. पानी तिसऱ्या गाठीच्या खाली गेलंय."

आणि मी… काय सांगू तुम्हाला… मी हसलो. "काका, गाठ हे काय माप झालं? तो दोर आता बैलाला बांधा!"

सगळी सभा हसली. काकांनी दोर गुंडाळला, हळूहळू, एकेक वेढा, आणि निघून गेले. वळूनसुद्धा बघितलं नाही.

हशा विरला तशा बनुबाई उठल्या. दूध केंद्रावर फॅट लावतात त्या. दुधात चमचाभर पाणी असलं तरी धरतात, मला सोडतात होय? "हर्षल, तक्रार कुनाकडं द्यायची लिवलंय तू?"

मी म्हटलं, "माझ्याकडे."

"मग घे लिवून. नियम चौथा. नाव, हर्षल."

आपल्याच हातानं, आपल्याच नावाची तक्रार, आपल्याच वहीत लिहिली मी! लिहिलेलं राहतं ना! वर म्हणालो, "बनुबाई, मी एवढा शिकून आलो, त्यांच्याकडून आता काय शिकू?"

बनुबाईंनी वहीतल्या चौथ्या नियमावर बोट ठेवलं. बोलले आप्पा. "ते ऱ्हाऊ दे. बत्तीस फूट म्हंजी कांदा का हरभरा?"

मी मोबाईल बघतोय. बत्तीस. खालून बघितलं, वरून बघितलं. बत्तीसच! बत्तीस म्हणजे काय हे त्यात कुठे असतंय? आप्पा म्हणाले, "आठ दिवसांनी पुन्ना बसू." आठ दिवस! वाफे तयार, कांद्याची रोपं तयार, आणि सारं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय.

आणि गाठींचा अर्थ एकट्या काकांना ठाऊक! गेलो काकांकडे. अंगणात पोत्यावर बसून घायपात वळत होते. म्हटलं, "काका, चुकलो." वर न बघता म्हणाले, "बस. हे टोक धर."

सहा दिवस टोक धरलं मी. तळहात सोलले. सातव्या दिवशी त्यांनी जुना दोर जमिनीवर पसरला, शेजारी आम्ही वळलेला नवा, आणि जुन्याची प्रत्येक गाठ नव्यावर उतरवायला बसले. बोटानं चाचपून, दोनदा मापून. "दर दसऱ्याला दोर सोडायचा. ज्या वर्साला कांदा तरला, तवाचं पानी ही पैली गाठ. निम्मा गेला, ही दुसरी. हितनं खाली नुस्ता हरभरा, ही तिसरी." मग एका विटक्या तांबड्या चिंधीवर बोट थांबलं. "ही बहात्तरच्या दुष्काळाची. आमच्या बानं बांधली. आईच्या लुगड्याचा काठ हाय. चार येळा दोर बदलला, चिंधी तीच."

मी पंधरा देशांत शोधत होतो हो ते! जुन्यावरून नवं उतरवायचं, खूण हलू द्यायची नाही, पुढच्याच्या हातात द्यायचं. लिहून कुणी ठेवत नाही म्हणत होतो मी… यांनी बांधून ठेवलं होतं. आणि मी बैलाला बांधायला सांगितलं.

काकांनी चिंधी सोडली, नव्या दोराला बांधायला माझ्या हातात दिली. बांधली. त्यांनी गाठ ओढून बघितली.

आठव्या दिवशी ठरलं, हरभरा. दोर बाराव्या पानावर गेला, गाठींसकट, कुठली गाठ किती फुटांवर तेही. तेवढ्यात बनुबाई उठल्या. "नियम चौथा लोकांना कळत न्हाई. थट्टा म्हंजी नेमकी कशी? उदारन पायजे." आप्पा म्हणाले, "सांगा." आणि ग्रामसभेनं, एकमतानं, हात वर करून, कागदात घातलं: उदाहरणार्थ, हर्षल मच्छिंद्रकाकांना हसला तसे. पहिला हात काकांचा! आणि मला मिशीत हसून म्हणतात कसे, "लिवलेलं ऱ्हातं."

आता कागद सात गावांत गेलाय. जसाच्या तसा! सात ग्रामसभांत, माझं तोंड न पाहिलेली माणसं उभी राहून मोठ्यानं वाचतात, उदाहरणार्थ, हर्षल…

मागच्या आठवड्यात त्यातल्याच पुणतांब्याहून फोन. "सायेब, कागदावर ह्यो नंबर हाय. लई झ्याक कागद. एक विचारायचं हुतं. आमच्यात बी एक हर्षल झालाय. काल सभेत म्हाताऱ्या मानसाला हसला. कागदावानी शिकाय धाडतोय, तर म्हनतो, मी येवढा शिकलेला, ह्यांच्याकडून काय शिकू? तुमचा हर्षल बी असंच म्हनला हुता का?"

आता काय सांगणार? म्हटलं, "हो. असंच म्हणाला होता."

"मग? काय केलं त्याचं?"

"काही नाही. सहा दिवस दोर वळायला बसवला. हात सोलले."

"सुधारला का?"

मी तळहाताकडे बघितलं. म्हटलं, "बघू… अजून गटातच आहे."

"थांबा हं सायेब," तो म्हणाला, "हे लिवून घेतो."