बीटचाच रंग असेल

—हो हो, लघवीला लाल होतंय ना, बीटचाच रंग असेल काका, काकूंना म्हणावं घाबरू नका. बाटली द्या इकडे, रस भरतो. साल? नाही, साल काढत नाही मी, नुसतं घासून धुतो — ताईची शिकवण. सालीखालीच सगळा जोर, म्हणायची. तो फलक तिनंच लिहिलाय — तुम्ही वाचा, मी अडखळतो, चौथीतच शाळा सुटली — पण पाठ आहे सगळं. गाजराचा केशरी डोळ्यांना, बीटचा लाल रक्तवाहिन्यांना, जांभळ्या रताळ्याचा... हं, तेच, अँटिऑक्सिडंट. शरीर आतून गंजतं म्हणे लोखंडासारखं, आणि हे रंग गंज धरू देत नाहीत. कुठल्याशा मासिकातून उतरवलं होतं तिनं. खोटं नाही हो ते. खोटं असतं तर बरं झालं असतं, फलक तरी फोडता आला असता.

ताई? नाही, गावाला नाही गेली. वारली माझी बहीण. सव्वा महिना झाला. असू द्या हो, तुम्हाला कसं कळणार, तुम्ही आपलं सहज विचारलंत. रोज कोणी ना कोणी विचारतं, मी गाजरं चिरत राहतो. तिचे हात आठवतात तुम्हाला? कायम लालभडक. मी म्हणायचो, "कुणाचा खून करून आलीस गं?" की ते ओले हात माझ्या गालांना पुसायची, गिऱ्हाइकांसमोर! दुकान बंद करताना शेवटचा ग्लास तिचा. मीच भरायचो. दमायला लागली तसे एकाचे दोन केले — म्हटलं, दुसऱ्यांना पाजतो, तर घरच्या माणसाला का नाही?

मग एक दिवस त्या नळापाशी, हळूच, इकडेतिकडे बघत म्हणाली, "अरे, लघवीला लाल होतंय." मी काय केलं असेल? हसलो. "बीटचाच रंग असेल, येडे, दोन-दोन ग्लास ढोसतेस." होतो ना तसा रंग, बीटनं होतोच! म्हणून तर पटलं तिला. परत एकदा म्हणाली, मी परत हसलो. तिसऱ्यांदा म्हणालीच नाही. पाच महिने, काका. धंदाच बीटचा आमचा, आणि बीट कुठलं, रक्त कुठलं, ते मला कळू नये? एकदा आठवडाभर मालच आला नाही. तिच्या पोटात बीटचा थेंब नाही — आणि रंग तसाच. तेव्हा धावलो. मूत्रपिंडात गाठ निघाली, पार फुफ्फुसापर्यंत पसरलेली. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" मी तोंड उघडलं, तर ताईनं माझा हात दाबला. "मीच अंगावर काढलं," म्हणाली. त्यांना खोटं सांगितलं. मला शेवटपर्यंत एका शब्दानं बोलली नाही. एक शिवी तरी हासडायची होती...

थांबा. मगाशी तुम्हाला काय म्हणालो मी? तुम्ही आलात, काकूंचं सांगितलंत, आणि मी — हात धुता धुता, वर न बघता — तेच. अगदी तेच! तोंडातून आपोआप निघालं बघा. जीभ झडत कशी नाही माझी!

नाही, भरत नाही बाटली. असेल, बीटचाच असेल, शंभरात नव्व्याण्णवांचा बीटचाच असतो. पण ते तपासणारा सांगेल, तुम्ही-मी नाही. थकवा म्हणालात ना? कधीपासून? बघा, आठवावं लागतंय तुम्हाला. आजच न्या. उद्या नाही, आज. बीटचा रस चालू होता तेही सांगा डॉक्टरांना. लाजतात? लाजू द्या. ताईही लाजायची. तुम्ही बोला त्यांच्या वतीनं, सगळं बोला, हात दाबला तरी बोला.

गाजराचा? नाही, गाजराचाही नाही. काहीच मिळणार नाही आज. बाटली राहू दे इथंच, न्यायला काकूंना पाठवा — त्यांच्या हातात देईन.

उभे काय राहिलात? जा म्हणतो ना!