नव्वद दिवसांचं घट्ट पाणी

...आणि वर लोक म्हणणार काय, तर ‘पाणी घट्ट करायचं, त्यात काय एवढं!’ तुम्हाला सांगतो, आमच्या भाऊजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची, सहा वर्षं या तीन शब्दांनी खाल्ली. त्यात काय एवढं! ऐका तर मग.

भाऊजी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनं ढवळतात. जमिनीतलं तेल सुरुवातीला आपणहून वर येतं, पुढे जावयासारखं रुसून बसतं, मग त्याला ढकलायला शेजारच्या विहिरीतून पाणी सोडायचं. पण पाणी पातळ, तेल जाड; पाणी आपली वाट काढून पसार, तेल मागे खडकातच ठाण मांडून. म्हणून पाण्यात पॉलिमरची पूड कालवायची, पाणी कसं पळीवाढं होतं आणि तेलाला पुढे घालून आणतं. झालं? कुठलं हो! खाली नव्वद अंशांची भट्टी आणि समुद्रापेक्षा खारट पाणी. पॉलिमर म्हणजे लांबच लांब धागे. ते मिठात पडले की अंग चोरून घेतात आणि आच लागली की तुटतात. पाणी पुन्हा पाणीच! भाऊजींना हवी होती मीठ आणि आच दोन्ही सोसणारी पूड.

ती कशी शोधायची, तर पूड बनवायची, विहिरीच्या खाऱ्या पाण्यात कालवायची, हवा काढून काचेच्या नळ्यांत बंद करायची, नळ्या नव्वद दिवस भट्टीत, आणि दर दहा दिवसांनी एक नळी फोडून घट्टपणा मोजायचा. अशा पुडीच्या अकरा तऱ्हा झाल्या. एकीनं विसाव्या दिवशी मान टाकली, दुसरीनं तिसाव्या... मोठे साहेब यायचे, खुर्चीवर न बसताच विचारायचे, “अजून नाही? पाणीच घट्ट करायचंय ना? त्यात काय एवढं?” साहेबांचंही खरं होतं म्हणा. तेलक्षेत्र म्हातारं झालेलं, पूड मिळाली नाही तर वर्षअखेरीला टाळं आणि पावणेदोनशे माणसं घरी.

मग बारावी. तिसावा दिवस, टिकली. साठावा, टिकली. नव्वदावा... अहो, जशीच्या तशी! साहेबांनी बैठक बोलावली, वरच्या मंडळींना निरोप गेले, जो तो भाऊजींचा हात धरून हलवतोय आणि भाऊजी चेहरा पाडून. का? तर ‘इतकं चांगलं कसं झालं?’ सुख दारात आलं तर त्याच्याकडे ओळखपत्र मागणारा माणूस!

त्यांनी शेवटच्या नळीतलं पाणी तपासलं. मीठ निम्मंच निघालं. प्रयोगशाळेत सामान काढून देणारे एक जुने काका आहेत, त्यांना विचारलं. काका शांतपणे म्हणाले की नेहमीचं पिंप संपलं होतं, तुम्ही रजेवर होतात, म्हणून कोपऱ्यातल्या पिंपातून बाटल्या भरून ठेवल्या. “पाणी ते पाणी. त्यात काय एवढं?” कोपऱ्यातलं पिंप होतं उत्तरेकडच्या उथळ विहिरींचं. आणि रजेवरून आल्यावर भाऊजींनी बाटलीतलं मीठ न मोजताच पूड कालवली होती.

बैठकीच्या दिवशी सकाळी चहा निवत होता आणि भाऊजी ताईला सांगत होते की बोललो तर काकांची नोकरी जाईल, कदाचित माझीही जाईल, टाळं तर ठरलेलंच. गप्प बसलो तर पाणी खडकातून पलीकडे पोचेपर्यंत, निदान दोन वर्षं, कुणाला पत्ता लागणार नाही. ताईला रसायनातलं ओ की ठो कळत नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुम्ही गप्प बसाल हो, पण त्या विहिरीला कोण गप्प बसवणार?”

बैठकीत भाऊजी उभे राहिले. “पाणी चुकीचं होतं. तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.” बस. काकांचा उल्लेखही नाही. काका दाराशी ट्रे घेऊन उभे होते. साहेब म्हणाले, पुन्हा करा. पुन्हा केलं, खऱ्याखुऱ्या खारट पाण्यात. चाळिसाव्या दिवशी पूड गेली.

आणि मग साहेबांनीच, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की ते निम्मं खारट पाणी मुळात कुठलं होतं? उत्तरेकडचं. म्हणजे तिथे ही पूड टिकते? टिकते की! त्या उथळ विहिरींकडे तेल थोडं म्हणून कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. थोडं तर थोडं, टाळं पुढे ढकललं गेलं. काका आता पिंप उचलण्याआधी त्यावरचं नाव मोठ्यानं तीनदा वाचतात, पूजा सांगितल्यासारखं.

घट्ट पाणी उत्तरेकडे सोडून आठ महिने झाले. भाऊजी रोज जेवणाच्या सुट्टीत विहिरीच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. परवा मी विचारलं, भाऊजी, तेल येणार कधी? म्हणाले, पाणी खडकातून दिवसाला वीतभर सरकतं, पोचायला अजून सोळा महिने.

“आणि तुमची निवृत्ती?”

“चौदा महिन्यांनी.”