कापडे गावचे पाच बेडूक

त्या पाच बेडकांचं सांगितलं का मी तुम्हाला? नाही ना? ऐका मग.

महाडच्या आमच्या कॉलेजात पर्यावरणाचे प्रकल्प मी तपासतो. यंदा कापडे गावच्या सायलीनं 'आमच्या गावची विहीर' असा प्रकल्प दिला. विहिरीत पाच बेडूक. गेल्या वर्षी त्याच गावच्या मुलाच्या प्रकल्पात पाच, त्याच्या आदल्या वर्षीही पाच. एकही मेला नाही, एकही वाढला नाही. तिला बोलावलं.

"हे चोरलंस ना?"

"चोरी कशी, सर? विचारून घेतली. ती गावाची फाईल हाय."

"गावाची म्हणजे?"

"लग्नाची भांडी गावकीची असतात ना, तशी. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायची, नि घासून परत ठेवायची."

"आणि पहिल्या पानावर 'हे काम माझे स्वतःचे आहे' असं लिहून सही केलीयस, त्याचं काय?"

"ते पान पण फाईलीतलंच हाय, सर. सही तेवढी माझी."

मी प्रकल्प तिच्या हातात दिला. म्हटलं, विहिरीवर स्वतः जा, बघ, नव्यानं लिही, नाहीतर नापास. ती निघाली आणि दारातून परत आली.

"सर, यातल्या चुकांवर लाल पेनानं खुणा करून द्या ना."

"कशाला? तू तर नवीन लिहिणार आहेस."

"मी लिहीन, सर. पण पुढच्या वर्षी माझा भाऊ येतोय. फाईल घासून ठेवायला नको?"