उत्तर मी द्यायचं होतं

काकांनो, मावश्यांनो, दाराशी उभ्या असलेल्या भैयांनो, आत जागा आहे, या, बसा. मला बोलायला जमेल की नाही, ठाऊक नाही. आई म्हणाली, बाबांबद्दल तूच बोल. म्हणून उभी आहे. पण तुमच्याकडे बघून बोलणं अवघड जातंय.

तुम्ही बरेच जण बाबांना रेल्वेतले वानखडे म्हणून ओळखता. वॅगनखाली शिरून काम करणारा, डबा वाटून खाणारा माणूस. पण आम्ही ब्राह्मणपाऱ्यात, ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात राहायचो, तिथले बाबा तुम्ही पाहिले नाहीत. तिथे ते हळू बोलायचे.

वानखडे हे आडनाव आपल्या बौद्धांतही असतं, इतरांतही असतं. खोल्या दाखवताना घरमालकीण काकूंनी विचारलं होतं, "म्हणजे कुणबी ना तुम्ही?" बाबा नुसते हसले. हव म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या हसण्यावर आम्ही कित्येक वर्षं तिथे राहिलो. बुद्धाची मूर्ती कपाटात, साड्यांच्या मागे. आई वंदना म्हणायची ती फक्त ओठ हलवून.

बाबांचं बीपी वाढलेलंच असायचं. डॉक्टर विचारायचे, काही टेन्शन? बाबा म्हणायचे, "मले कायचं टेन्शन?"

आणि मी काय शिकत होते? मानसशास्त्र. बीएच्या शेवटच्या वर्षी मी आणि अनघानं मिळून प्रोजेक्ट घेतला. अनघा म्हणजे काकूंची मुलगी, माझ्याच वर्गातली. विषय असा, की जातीवरून अपमान होईल या भीतीत माणूस सतत जगला, तर त्याच्या तब्येतीचं काय होतं. झोपेचं, रक्तदाबाचं, पोटाचं. आम्ही वस्त्यांमध्ये फिरलो, पंडरी बाजारातल्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांना भेटलो. त्यांनी चहा पाजला, मनातलं सांगितलं. अनघा लिहून घेता घेता रडायची. ती आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होती, आणि तिला काहीच माहीत नव्हतं.

मी बाबांना म्हटलं, तुमचंही सांगा ना.

"माझं नको लिहू. अन् त्या वरच्या पोट्टीसमोर तर बिलकुल नको."

"काहून बाबा?"

"तुह्यी परीक्षा होऊ दे पहिले."

परीक्षा झाली. प्रोजेक्ट मांडायच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. बाबा सुट्टी काढून आले, मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आजकाल रायपुरात हे कोण मानतं? लोक वाढवून सांगत असतील, नाही का?"

मला उत्तर येत होतं. उत्तर माझ्या घरात राहत होतं, मागच्या रांगेत बसलं होतं. पण शेजारी अनघा उभी होती. आणि मी माईकवर म्हणाले, "हो सर. थोडं वाढवूनही सांगतात."

ज्या बायकांचा चहा प्यायले, त्यांना मी खोटं पाडलं. एका वाक्यात.

तेव्हा बाबा उठले. "सर, मैं इसका बाप हूँ," म्हणाले. मग आपल्याच बोलीत सुरू झाले. "मी ब्राह्मणपाऱ्यात भाड्यानं राहतो. घरमालकाले माझी जात माहीत नाही. दारावर कोणी हाक मारली का पहिले माझी छाती धडधडते, मंग मी ओ देतो. बीपीची गोळी खाऊन राहिलो. मी काय वाढवून सांगून राहिलो?"

मी माईक खाली ठेवला.

घरी येताना बाबा स्कूटर चालवत म्हणाले, "तुहा राग नाही आला मले. वाईट याचं वाटलं, का हे तू माझ्यापासूनच शिकली."

रागावले असते, तर मला सोसलं असतं.

काही दिवसांतच काकू म्हणाल्या, पाहुणे येणार आहेत, खोल्या लागतील. आम्ही सामान बांधलं. अनघा खाली येऊन टेम्पोत भांडी चढवू लागली. वरून काकू हाका मारत होत्या, ती गेली नाही.

नव्या घरात बाबा खिडक्या उघड्या टाकून झोपायचे. घोरायचेसुद्धा. मला वाटलं, सुटलो. पण मागच्या आठवड्यात कामावरच ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले. मी कोणावर आरोप करत नाही. कॉलेजातल्या एका प्रोजेक्टनं एका माणसाच्या मरणाचं कारण सिद्ध होत नाही, एवढं मला कळतं. पण दार वाजलं की त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी रोज पाहिलं होतं. त्याला काय म्हणतात, हेही मला शिकवलं होतं. तरी मी "हो सर" म्हणाले.

त्या परीक्षक सरांना मी नंतर जाऊन सांगितलं, माझं उत्तर खोटं होतं. त्या बायकांकडे जायचं राहिलंय. पाय उचलत नाही. अनघा, तू आली आहेस. माझ्यासोबत येशील?

आता सगळे उभे राहू या. जन्मभर गप्प राहिलेल्या माणसासाठी पुन्हा गप्प राहा, असं सांगताना मला लाज वाटते. तरी थोडा वेळ राहू या, फक्त बाबांसाठी. मग घरी जा, आणि आपल्या लेकरांशी बोला.