वाढदिवसाचा शर्ट

(परळमधल्या एका मराठी शाळेतला दहावीचा वर्ग. शाळा सुटली आहे. शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी ध्रुव शाईच्या पेनाने पानं उतरवून काढतो आहे. मनाली शेजारच्या बाकावर मांडी घालून बसली आहे.)

मनाली : थांबलास का?

ध्रुव : बोटं गेली माझी. दुपारपासून तुझी राधा लिहितोय. राधा उठली, राधा शाळेत गेली, राधा गणितात नापास झाली.

मनाली : कादंबरी आहे ती. डायरीच्या रूपातली. विनोदी.

ध्रुव : माहितीय. अंकात सर्वांत लांब तीच आहे. माझं अक्षर वाईट असतं ना, तर आत्ता घरी झोपलो असतो.

मनाली : दर वर्षी हेच बोलतोस.

ध्रुव : दर वर्षी दमतो. बरं, हे बघ. 'अभयने माझ्याकडे पाहिलं आणि मला त्याच्याविषयी आदर वाटला.' हे काय आहे?

मनाली : सुचित्राबाईंनी केलंय. मी लिहिलं होतं, माझे कान गरम झाले.

ध्रुव : पुढेपण आहे. 'त्याने मला अर्धा वडापाव दिला. मला आदर वाटला.' 'जिन्यात त्याचा हात लागला. मला फारच आदर वाटला.'

मनाली : हसू नको रे. बाई म्हणाल्या, पालक येतात, मुख्याध्यापक वाचतात, प्रेमबिम नको. झालं. राधाची अख्खी दहावी आदरात गेली.

ध्रुव : हा अभय कोण पण?

मनाली : कोणी नाही.

ध्रुव : ब तुकडीतला?

मनाली : अरे कोणी नाही. नाव बरं वाटलं. तू लिही ना, मला क्लासला जायचंय, सराव परीक्षा घ्यायची आहे म्हणे सरांना. कंटाळा आलाय सगळ्याचा.

ध्रुव : एक पान राहिलंय.

मनाली : रंगीत कपड्यांचं ना? ते मस्त आहे. त्याला बाईंनी पेनच लावलं नाही. स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं त्यांनी.

ध्रुव : हो, लिहितोय. 'वाढदिवस असला की आमच्या शाळेत गणवेशाला सुट्टी असते. त्या दिवशी मागच्या बाकावरचा दिगंबर रंगीत शर्ट घालून आला. शर्ट आधी वर्गात आला, दिगंबर नंतर. आत मुलगा आहे की नाही हे पाहायला बाईंना हजेरी घ्यावी लागली.'

मनाली : बघ, तूपण हसलास.

ध्रुव : चांगलंच लिहिलंयस. पहिल्यांदा वाचलं तेव्हापण हसलो.

मनाली : मग?

ध्रुव : मग काय. दिगंबर म्हणजे मी.

मनाली : नाव बदललंय ना! कुणाला कळणारेय?

ध्रुव : सगळ्या वर्गाला. ते जाऊ दे, ते तेव्हाच हसून झालेत. मनाली, हे पान तू लिहिशील का?

मनाली : मी? माझं अक्षर बघितलंयस ना? डॉक्टरची चिठ्ठी वाटते.

ध्रुव : चालेल. माझ्या अक्षरात नको फक्त.

मनाली : का पण?

ध्रुव : आई येणारेय अंकाच्या प्रदर्शनाला.

मनाली : सगळ्यांच्याच येतात.

ध्रुव : तुझी आई चाळते. माझी वाचते. पोळी-भाजी केंद्रातून अर्धा दिवस सुट्टी घेते त्यासाठी. गेल्या वर्षी उभी राहून माझ्या अक्षरातली सगळी पानं वाचली, गणिताची कोडीपण. तिला कोडी कळत नाहीत. दुसऱ्यांच्या अक्षराकडे ती बघत नाही.

मनाली : मग वाचू दे की. हसेल.

ध्रुव : पुढे वाच तू काय लिहिलंयस.

मनाली : 'निळ्या चौकड्या, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, डांबरगोळ्यांचा वास. सगळी बटणं पांढरी आणि तिसरं मात्र पिवळं.' यात काय आहे?

ध्रुव : ते पिवळं बटण आईने लावलंय.

मनाली : मग तर तिला आवडेल.

ध्रुव : तिला माहीतच नाही तो शर्ट घरात आहे.

मनाली : म्हणजे?

ध्रुव : बाबांचा आहे. बाबांचे सगळे कपडे तिने बोहारणीला दिले. पँटी, स्वेटर, लग्नातला कोटपण. एक पातेलं आलं त्या सगळ्याचं. बोहारीण गाठोडं बांधत होती, आई पातेलं ठोकून बघत होती, तेवढ्यात मी एक शर्ट ओढला.

मनाली : पण तुझे बाबा तर दुबईला आहेत ना?

ध्रुव : आई तसं सांगते. मीपण तसंच सांगतो.

मनाली : मग कुठे आहेत?

ध्रुव : विरारला.

मनाली : कामाला?

ध्रुव : दुसऱ्या घरी.

मनाली : दुसऱ्या... अरे देवा.

ध्रुव : असं बघू नको ना. दोन वर्षं झाली. आता सवय आहे. आईला काय झालं होतं तेव्हा, ओरडत होती सारखी, "माका ह्या घरात तेचो एक धागो पण नको." आणि मी तेचो अख्खो शर्टच ठेवलाय.

मनाली : कुठे?

ध्रुव : माळ्यावर. मखराच्या खोक्यात. ते गणपतीतच उघडतं आणि मीच उघडतो.

मनाली : आणि वाढदिवसाला घातलास.

ध्रुव : आई पहाटेच जाते कामाला. म्हटलं, बघू, होतो का.

मनाली : किती मोठा होता रे तो.

ध्रुव : ते कळलं ना अख्ख्या शाळेला.

मनाली : मला काय माहीत! तू बोलला असतास तर...

ध्रुव : काय बोलणार? तूपण ना, बटणंसुद्धा मोजलीस.

मनाली : भूमितीचा तास होता. दुसरीकडे कुठे बघणार?

ध्रुव : म्हणजे तासभर माझ्याकडे बघत होतीस?

मनाली : बटणाकडे.

ध्रुव : अच्छा.

मनाली : रंग बदलूया का? हिरव्या चौकड्या. बटण काढून टाकू.

ध्रुव : काढ. पण मग मजा नाही. बटणामुळेच तर तो शर्ट दिसतो. म्हणून म्हणतोय, आहे तसं राहू दे, तुझ्या अक्षरात लिही. आईची नजर पुढे जाईल.

मनाली : आणि नाही गेली तर?

ध्रुव : माहीत नाही. ओरडणार नाही ती. ओरडली तर बरं. पातेल्यात दूध तापवताना गप्प उभी राहील. ते मला नको.

मनाली : ध्रुव, बाकीचं सगळं बाईंचं झालंय रे. आदर, आदर, आदर. एवढं एकच पान माझं राहिलंय.

ध्रुव : म्हणून तर काढ म्हणत नाहीये.

मनाली : तू काढ म्हण ना. म्हणजे मी भांडीन तरी.

ध्रुव : भांडायची ताकद नाहीये माझ्यात. क्लासला उशीर होईल तुला.

मनाली : दे ते पान.

ध्रुव : लिहितेस? शाईचं पेन घे, बॉलपेन चालत नाही.

मनाली : माझा मूळ कागदपण दे. तो नाही, चुरगळलेला.

ध्रुव : अगं, फाडतेस काय? मनाली! निम्मं उतरवून झालं होतं माझं!

मनाली : गप्प बस. बाई येतायत.

सुचित्राबाई : अजून इथेच? शिपाईमामा कुलूप घेऊन उभे आहेत रे. झालं का सगळं?

ध्रुव : झालं, बाई.

सुचित्राबाई : बघू. अरे वा. तुझं अक्षर म्हणजे ना, डोळे निवतात. हे काय, राधा सहामाहीवरून एकदम स्नेहसंमेलनावर? वाढदिवसाचं पान कुठे गेलं?

मनाली : काढलं मी.

सुचित्राबाई : काढलं? अगं, तेवढंच एक पान वाचून मला मनापासून हसू आलं होतं.

मनाली : मलाही आलं होतं, बाई.

सुचित्राबाई : मग? ही जागा रिकामी दिसेल ना. दुसरं काहीतरी लिहून दे त्याला पटकन.

मनाली : राहू दे ना, बाई. ध्रुव दमलाय.